दोन महिन्यांच्या पिल्लाचे मांडीचे हाड मोडले आहे. बांधलेली पट्टी पुरेशी आहे काय?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी वाई येथे राहतो. सोमवारी सायंकाळी आमच्या गल्लीतील कुत्रीचे सुमारे दोन महिन्यांचे पिल्लू दुचाकीच्या चाकाखाली सापडले. उचलले तेव्हा त्याचा मागचा उजवा पाय मांडीपासून लोंबत होता. बाहेर जखम किंवा रक्त कोठेही दिसले नाही. गावात जनावरांवर उपचार करणारे एक गृहस्थ त्याच रात्री घरी आले. त्यांनी पाय सरळ ताणला, दोन्ही बाजूंना बांबूच्या कामट्या लावल्या आणि पंजापासून मांडीच्या मध्यापर्यंत पट्टी घट्ट गुंडाळली. एकवीस दिवस सोडू नका, लहान पिल्लाचे हाड आपोआप सांधते, असे सांगून ते गेले.

आज बुधवार आहे. पिल्लू खाते, पण रात्रभर कण्हते आणि उठायला गेले की तो बांधलेला पाय ओंडक्यासारखा एका बाजूला फेकला जातो. किराणा दुकानातील काट्यावर त्याचे वजन अडीच किलो भरले. एक्स-रे अद्याप काढलेला नाही. पट्टीने हाड खरोखरच सांधेल, की शस्त्रक्रिया करावीच लागेल? तोपर्यंत घरातील वेदनाशामक गोळीचा चतकोर तुकडा दिला तर चालेल काय? शेजारच्या काकू कॅल्शियमचे सिरप सुरू करा म्हणतात, तेही विचारून ठेवतो. खर्चाची तयारी आहे, पण ती अमर्याद नाही, हे मोकळेपणाने सांगितलेले बरे.

निवृत्त_पशुवैद्य

ती पट्टी आजच सोडावी लागेल, हे आधी सांगतो आणि मग कारण सांगतो.

त्याआधी मात्र दोन मिनिटे पायाकडे न पाहता पिल्लाकडे पाहा. वाहनाखाली सापडलेल्या जनावराचा जीव मोडलेल्या हाडामुळे क्वचितच जातो. तो जातो छातीला किंवा पोटाला बसलेल्या माराने, आणि तो मार बाहेरून दिसतोच असे नाही. वरचा ओठ उचलून हिरड्या पाहाव्यात: त्या गुलाबी असाव्यात, पांढुरक्या पडलेल्या नसाव्यात. श्वास घेताना पोट जोराने आत-बाहेर होत असेल, किंवा सोमवारपासून पिल्लाने नीट लघवी केलेली नसेल, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. फुप्फुसाभोवती हवा साठणे, पोट व छाती यांमधील पडदा फाटणे आणि मूत्राशय फुटणे, हे तिन्ही प्रकार अशा अपघातांत मी वारंवार पाहिले आहेत.

आता पट्टीविषयी. मोडलेले हाड बाहेरून आधार देऊन स्थिर ठेवायचे असेल, तर त्याच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे जखडावे लागतात. नडगीच्या बाबतीत ते शक्य आहे, कारण वर गुडघा आणि खाली घोटा येतो. मांडीच्या हाडाच्या वर खुबा येतो, आणि कुत्र्याचा खुबा पट्टीने जखडता येत नाही. त्यामुळे मांडीच्या मध्यावर संपणारी पट्टी मोडलेल्या जागेला आधार देत नाही. उलट कामट्यांसह पायाचे सारे वजन त्या जागेखाली लोंबकळते आणि घड्याळाच्या लंबकासारखे हलत राहते. पिल्लू रात्री कण्हते ते बहुधा यामुळेच. पुढच्या पायातील दंडाच्या हाडाची गोष्टही हीच आहे. या दोन हाडांना चुकीची पट्टी बांधण्यापेक्षा काहीच न बांधता पिल्लाला लहान खोक्यात निवांत ठेवणे अधिक सुरक्षित असते, हे ऐकायला विचित्र वाटेल, पण ते खरे आहे.

पट्टी सोडताना एकाने पिल्लाला टॉवेलमध्ये गुंडाळून धरावे आणि दुसऱ्याने कापसाच्या थराखालून बोथट टोकाची कात्री हळूहळू सरकवावी. वेदनेत असलेले पिल्लू चावू शकते. चावा किंवा ओरखडा आलाच, तर पिल्लू आहे म्हणून हसण्यावारी नेऊ नका: जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रेबीजच्या लसीविषयी विचारावे. या पिल्लाचे व त्याच्या आईचे लसीकरण झालेले नाही, असे मी गृहीत धरतो.

‘हाड आपोआप सांधते’ हे त्या गृहस्थांचे म्हणणे खोटे नाही. तीन महिन्यांखालील पिल्लाचे हाड दोन ते चार आठवड्यांत सांधते. मोठ्या कुत्र्याला त्यासाठी दोन ते चार महिने लागतात. पिल्लाच्या हाडावरील आवरण जाड असते, त्याला रक्तपुरवठा भरपूर असतो आणि नवे हाड झपाट्याने धरते. अडचण या झपाट्याचीच आहे. तुकडे वेडेवाकडे पडले असतील, तर ते तसेच वेडेवाकडे सांधतात. आठवडाभरात तेथे इतके नवे हाड साचते की नंतर तुकडे सोडवून जागेवर बसवणे शल्यचिकित्सकाला जड जाते. म्हणून एक्स-रे उद्याच काढावा, तोही एकमेकांशी काटकोनात असलेल्या दोन दिशांनी, आणि शक्य असल्यास निरोगी पायाचाही. पिल्लाच्या हाडाच्या टोकांजवळ वाढीच्या पट्ट्या असतात. त्या कूर्चेच्या असल्याने एक्स-रेमध्ये काळ्या रेघेसारख्या दिसतात आणि नवख्या डोळ्यांना मोडल्यासारख्याच वाटतात; दुसरा पाय शेजारी असला की घोटाळा होत नाही.

घरातील गोळी अजिबात देऊ नये. आयबुप्रोफेन व डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या जठरात रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलने यकृताला इजा होते, आणि अडीच किलोच्या जिवात चतकोर गोळीसुद्धा मोठी मात्रा ठरते. कुत्र्यांसाठीची वेदनाशामके आहेत, त्यांत मेलॉक्सिकॅम सर्वांत परिचित. पण ते सहा आठवड्यांखालील पिल्लांना देत नाहीत, आणि त्यावरील पिल्लांनाही वजनाप्रमाणे मोजून, पोटात अन्न असताना व शरीरात पुरेसे पाणी असतानाच देतात. ते काम प्रत्यक्ष तपासणाऱ्या पशुवैद्यावर सोपवावे.

वाईहून शिरवळ फार लांब नाही. तेथील क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या चिकित्सालयात चौकशी करावी. शासकीय महाविद्यालयात खर्च खासगी दवाखान्याच्या मानाने बराच कमी येतो. जाताना पिल्लाला खोक्यातच ठेवावे आणि दवाखान्याच्या फरशीवर सोडू नये. लस न झालेल्या पिल्लाला पार्व्हो या जीवघेण्या विषाणूची लागण तेथूनही होऊ शकते, आणि मग पाय बाजूलाच राहतो. भूल द्यायची असल्यास उपाशी किती तास ठेवायचे हे फोनवरच विचारून घ्यावे. इतक्या लहान पिल्लाला मोठ्या कुत्र्यासारखे रात्रभर उपाशी ठेवले, तर रक्तातील साखर घसरते.

रानजाई

वरील उत्तरात एक गोष्ट राहून गेली आहे असे मला वाटते, आणि ती मी स्वतः भोगलेली असल्याने सविस्तर लिहिते.

सात वर्षांपूर्वी आमच्या चार महिन्यांच्या पिल्लाचे मांडीचे हाड असेच मोडले होते. एका खासगी दवाखान्यात पाय सरळ ठेवून पंजापासून कमरेपर्यंत प्लास्टर घातले गेले आणि चार आठवड्यांनी या असे सांगण्यात आले. आम्हीही मधल्या काळात एकदाही गेलो नाही, हा आमचा दोष. प्लास्टर काढले तेव्हा हाड उत्तम सांधले होते. एक्स-रे पाहून डॉक्टरांनी समाधानही व्यक्त केले. पण गुडघा वाकेना. मांडीच्या पुढच्या बाजूचा स्नायू बोटांना दोरखंडासारखा कडक लागत होता आणि पाय काठीसारखा ताठ, किंचित मागे वळलेला राहिला होता. आमचे पिल्लू पंजाची वरची बाजू जमिनीवर घासत चालू लागले. पंधरवड्यात तेथील केस जाऊन कातडी सोलली, आणि मग ती जखम भरायचे नाव घेईना.

पुढे एका शल्यचिकित्सकांनी समजावून सांगितले की मोडलेल्या जागी तयार होणाऱ्या नव्या हाडाला हा स्नायू चिकटतो आणि आखडतो. वाढत्या वयात, मांडीच्या हाडाच्या खालच्या भागातील मोडीत आणि पाय सरळ बांधून ठेवल्यास हा धोका सर्वाधिक असतो. स्नायू सोडवण्याची शस्त्रक्रिया झाली, सुधारणा महिनाभर टिकली आणि गुडघा पुन्हा ताठ झाला. अखेर तो पाय काढावा लागला. ती आज तीन पायांवर जिन्यावरून माझ्या आधी वर पोहोचते, तेव्हा तिची कीव करण्याचे कारण नाही. पण जो पाय वाचू शकत होता तो गेला, आणि तो अपघाताने नव्हे, बांधण्याच्या रीतीने गेला, हे मला विसरता आलेले नाही.

म्हणून आपल्या चिकित्सकांना शस्त्रक्रियेआधीच विचारा की गुडघा कोणत्या दिवसापासून हलवायचा आणि तो कसा हलवायचा हे ते हाताला धरून दाखवतील काय.

निवृत्त_पशुवैद्य

रानजाई यांनी ज्याचे वर्णन केले आहे, त्याची ओझरती सूचनासुद्धा मी द्यायला हवी होती, ती राहिली. मांडीच्या मोडीनंतर काही शल्यचिकित्सक पहिले काही दिवस गुडघा आणि घोटा दोन्ही काटकोनात वाकवून बांधतात ते याच कारणासाठी. सरळ पाय दिसायला नीटनेटका दिसतो, पण पिल्लाच्या मांडीला तो सोसत नाही.

डोंगरवाट

शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नाही असा समज येथे वाचणाऱ्यांचा होऊ नये, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आमच्या अडीच महिन्यांच्या पिल्लाची नडगी शेतातील दगड पडून मोडली होती. एक्स-रेमध्ये तुकडे जागेवरच होते. ओली फांदी मोडताना एका बाजूने तुटते आणि दुसऱ्या बाजूने नुसती वाकते, तशी ती मोड होती, आणि शेजारचे बारीक हाड शाबूत होते. डॉक्टरांनी गुडघा व घोटा नैसर्गिक कोनात ठेवून हलके प्लास्टर घातले आणि साडेतीन आठवड्यांत पिल्लू चारही पायांवर धावू लागले.

मात्र दर सहा-सात दिवसांनी आम्हाला बोलावले जात असे आणि दोनदा प्लास्टर पूर्ण बदलले गेले. तीन आठवड्यांत पिल्लाचे वजन जवळपास दीडपट झाले होते, प्लास्टर मात्र वाढत नाही. ते तसेच ठेवले असते, तर पाय आवळला गेला असता. मधली दोन बोटे मुद्दाम उघडी ठेवलेली होती. सकाळ-संध्याकाळ आम्ही ती पाहत असू: नखे एकमेकांपासून फाकलेली दिसली, बोटे गार लागली किंवा प्लास्टरमधून वास आला, तर त्याच दिवशी या, अशी ताकीद होती. दुसऱ्या आठवड्यात खरोखरच आंबूस वास आला. पिल्लाने पाण्याच्या भांड्यात पाय घातला होता आणि आतला कापूस भिजला होता. उघडून पाहिले तर घोट्याच्या हाडावर रुपयाएवढी लाल जागा झालेली होती. आणखी दोन दिवस गेले असते, तर हाड सांधूनही कातडी गेली असती.

कोकणकडा

येथे पुढच्या पायाविषयी विचारणे विषयांतर ठरणार नाही, अशी आशा आहे. आमचे साडेचार महिन्यांचे लॅब्राडोर पिल्लू ओट्यावरून पडले. मनगटाजवळ सूज होती, पण एक्स-रेमध्ये मोड दिसली नाही आणि आठवड्यात ते नीट चालू लागले. आता दीड महिन्याने तो पंजा बाहेरच्या बाजूला वळलेला आणि पुढचा हात धनुष्यासारखा वाकलेला दिसतो आहे. कॅल्शियम कमी पडले असेल काय?

निवृत्त_पशुवैद्य

कोकणकडा, हे कॅल्शियमने होत नाही, आणि यात वाट पाहणे महागात पडते. वाढीच्या पट्टीच्या दुखापतींचे वर्गीकरण 1963 साली सॉल्टर आणि हॅरिस या टोरांटोच्या दोन अस्थिशल्यचिकित्सकांनी लहान मुलांसाठी केले. पशुवैद्यकातही आम्ही तेच वापरतो. त्यातील पाचवा प्रकार म्हणजे पट्टी नुसती चेंगरली जाणे. पहिल्या दिवसाच्या एक्स-रेमध्ये तो दिसत नाही. काही आठवड्यांनी ती पट्टी वाढायची थांबते, तेव्हाच कळतो.

कुत्र्याच्या पुढच्या पायात दोन समांतर हाडे असतात. त्यांपैकी मागच्या हाडाची सुमारे 85 टक्के वाढ मनगटाजवळच्या एकाच पट्टीतून होते. ती पट्टी कुत्र्यात शंकूच्या आकाराची असते, त्यामुळे धक्का कोठूनही बसला तरी ती चेंगरते. ती बंद पडली की मागचे हाड आखूड राहते, पुढचे वाढतच असते, आणि आखूड हाड धनुष्याच्या दोरीप्रमाणे त्याला ताणून वाकवते. वाढ शिल्लक असतानाच मागच्या हाडाचा लहान तुकडा काढून ही दोरी सैल करता येते. वाढ संपल्यावर मात्र हाड कापून सरळ करण्याची मोठी शस्त्रक्रिया उरते. दोन्ही हातांचे एक्स-रे या आठवड्यातच काढावेत.

कॅल्शियमचा प्रश्न कृष्णाकाठ यांनीही विचारला होता, तेव्हा येथेच सांगतो. पिल्लू संतुलित तयार खाद्य खात असेल, तर वरून सिरप देऊ नये. लहान पिल्लांच्या आतड्याला जादा कॅल्शियम नाकारता येत नाही, आणि लॅब्राडोरसारख्या मोठ्या जातींत त्या जादा कॅल्शियमनेच हाडांची वाढ बिघडते. याउलट, जे पिल्लू केवळ भात आणि बिनहाडाच्या कोंबडीवर किंवा पोळीच्या तुकड्यांवर वाढते, त्याला स्फुरद भरपूर व कॅल्शियम अगदी थोडे मिळते. मग शरीर हाडांतूनच कॅल्शियम ओढून घेते आणि हाडे इतकी पातळ होतात की खाटेवरून उडी मारल्यानेही मोडतात. अशा पिल्लाला कॅल्शियम लागतेच, पण ते आहार पाहून व मोजून द्यायचे असते. एक्स-रेवर हाड आणि मांस यांची छटा सारखीच फिकट दिसली, तर पाय बांधण्याआधी पिल्लाचे ताट बदलावे.

तिखटमीठ

आमच्याकडे हाडजोडीच्या वेलाचा लेप लावतात. त्याचा उपयोग होईल काय?

निवृत्त_पशुवैद्य

लेपाने सरकलेले तुकडे जागेवर येत नाहीत, आणि जागेवर असलेले तुकडे पिल्लाच्या वयात लेपाशिवायही सांधतात. शिवाय पिल्लू तो चाटते, मग चाटू नये म्हणून वरून घट्ट फडके बांधले जाते, आणि माझ्याकडे आलेली काळी पडलेली बोटे बहुतेक त्या फडक्याखालचीच असत.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. अकरा दिवसांनी लिहितो आहे.

पट्टी त्याच रात्री सोडली, आणि पिल्लू त्या रात्री प्रथमच झोपले. मांडीच्या आतील बाजूस कामटीच्या टोकाने एक खोल वळ उठला होता. गुरुवारी सकाळी शिरवळला गेलो. छातीचाही एक्स-रे काढला. ती निर्दोष निघाली. मांडीचे हाड गुडघ्याच्या अगदी वर, वाढीच्या पट्टीतून मोडले होते आणि खालचा तुकडा मागे सरकला होता. डॉक्टरांनी हा सॉल्टर-हॅरिसचा दुसरा प्रकार असल्याचे सांगितले, तेव्हा येथील चर्चेमुळे मला निदान शब्द तरी ओळखीचा होता. शुक्रवारी शस्त्रक्रिया झाली. एकमेकींना छेदणाऱ्या दोन बारीक गुळगुळीत पिना बसवल्या आहेत. आटे असलेला स्क्रू किंवा प्लेट वाढीच्या पट्टीवरून आडवी बसवली, तर उरलीसुरली वाढही अडते, म्हणून पिना गुळगुळीत.

रानजाई, आपला प्रश्न मी शब्दशः विचारला. डॉक्टरांनी तिसऱ्या दिवसापासून गुडघा वाकवायला सांगितले: आधी कोमट फडक्याने शेक, मग एक हात मांडीखाली व दुसरा घोट्यावर ठेवून सावकाश दहा-बारा वेळा वाकवणे व सोडणे, असे दिवसातून तीनदा. पिल्लू पाय ओढून घेऊ लागले की थांबायचे. पहिले दोन दिवस माझाच हात थरथरत होता. आता ते शेकाचे फडके पाहताच आपणहून कुशीवर पडते. कालपासून उभे राहताना त्या पायाची बोटे टेकवते आहे.

खोक्याऐवजी भाजीचा मोठा क्रेट घेतला असून, फरशीवर पाय घसरू नये म्हणून खाली गोणपाट घातले आहे. त्याची आई रोज सायंकाळी फाटकाशी येते, तेव्हा क्रेट ओट्यावर नेऊन ठेवतो. ती जाळीतून त्याचे तोंड चाटते आणि निघून जाते. त्या वेळी मात्र पिल्लाला आवरणे कठीण होते.

एक शंका उरली आहे. हा पाय पुढे आखूड राहील काय?

निवृत्त_पशुवैद्य

थोडा आखूड राहण्याची शक्यता आहे, हे लपवून ठेवत नाही. मांडीच्या हाडाची बरीचशी वाढ याच खालच्या पट्टीतून होते, आपले पिल्लू फक्त दोन महिन्यांचे आहे, आणि पिना कितीही जपून बसवल्या तरी मोडलेली पट्टी पुष्कळदा वेळेआधी बंद पडते. तरीही कुत्रे खुबा, गुडघा आणि घोटा किंचित अधिक सरळ ठेवून बरीच तफावत भरून काढते, आणि चालीत ती पाहणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. मात्र गुडघा नीट वाकता-उघडता असेल, तरच हे जमते. तेव्हा पाय टेकू लागला म्हणून व्यायाम सोडू नका.

पुढील एक्स-रे साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काढतील. पिनेचे टोक कातडीखाली टोचू लागले किंवा तेथे पाण्याचा फुगा आला, तर त्याआधीच दाखवा. हाड सांधलेले असेल, तर पिन काढणे किरकोळ काम असते. लसीकरणाची तारीखही त्याच भेटीत ठरवून घ्या.

कृष्णाकाठ

लसीची तारीख मिळाली आहे, पुढच्या मंगळवारची. केसपेपरवर नाव लिहायचे होते, म्हणून ‘क्रेट’ असेच लिहून दिले. घरात आता सगळे त्याला त्याच नावाने हाक मारतात.